डावा हात

“उजवा म्हणजे येतंय. डावा म्हणजे येत नाही. काय?”

“उजवा येतंय, डावा येत नाही!” सातवीची अडतीस पोरं एका सुरात ओरडली.

“आणि खाली कुणाचा हात राहील?”

“कुणाचाच नाही!”

“राहिला तर?”

यावर पोरं खुदखुदली. राहिला तर काय, ते त्यांना माझ्या हातातल्या निरगुडीच्या फोकानं आधीच समजावलं होतं.

ही युक्ती काही मी शोधून काढलेली नाही. एवढी अक्कल माझ्यात नव्हती. त्या वेळी आमच्या डोंगरपट्टीतल्या शाळांतून ती चालायचीच. जुना मास्तर बदलून जाताना नव्याला खडूचा डबा, हजेरीपट आणि ही युक्ती देऊन जायचा. तपासणीला साहेब आले, प्रश्न पडला, की अख्ख्या वर्गाचे हात सपासप वर गेले पाहिजेत. साहेबाला नुसतं हातांचं रान दिसतं. मास्तर मात्र त्यातला उजवा हात हेरतो आणि त्यालाच उठवतो. साहेब खूश, मास्तर खूश, आणि डाव्या हातवाल्यांची अब्रूही झाकलेली.

मी सांगतोय ती गोष्ट एकतीस वर्षांपूर्वीची. नाशिकच्या वरच्या अंगाला, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरात वाघदरी म्हणून गाव आहे. तिथल्या आश्रमशाळेत मी इंग्रजी शिकवायचो. मी बागलाणातला, वय अठ्ठावीस, नोकरी तात्पुरती. दर मे महिन्यात माझी नोकरी मरायची आणि जूनमध्ये, संस्थेच्या मनात आलं तर, पुन्हा जिवंत व्हायची. चार वर्षं असा मरत-जगत होतो. सटाण्याची एक मुलगी मला पसंत होती, तिलाही मी चालत होतो, पण तिच्या बापानं चहाचा कप खाली ठेवून तोंडावर सांगितलं होतं, “खैरनार, आधी कायम व्हा. मग बस्ता बांधू.”

आणि त्या डिसेंबरात आमचे हेडमास्तर सोनजे यांनी मला ऑफिसात बोलावून दार लोटून घेतलं.

“येत्या शुक्रवारी साहेब येताहेत. इंग्रजीवर त्यांचा डोळा असतो. वर्ग चमकला तर तुमची फाइल हलवायचा शब्द संस्थेनं दिलाय. नाही चमकला...” त्यांनी पानाची पिंक खिडकीबाहेर टाकली. “जूनमध्ये दुसरा माणूस बघतील. मला बोल लावू नका.”

साहेबांची कीर्ती त्यांच्या आधीच डोंगर चढून आली होती. त्यांना धडाबिडा वाचून घेण्यात रस नव्हता. ते दोन सारखे शब्द घ्यायचे आणि विचारायचे, यांच्यात फरक काय? पलीकडच्या शाळेत त्यांनी ‘सी’ आणि ‘लुक’मधला फरक विचारला होता. पोरांचं राहू द्या, मास्तरालाच घाम फुटला.

मी कामाला लागलो. डिक्शनरी उपसून आठ जोड्या काढल्या. सी आणि लुक, हाऊस आणि होम, बिग आणि टॉल, असल्या. त्या फळ्यावर एका बाजूला सुबक अक्षरात लिहून ठेवल्या, म्हणजे साहेबांची नजर तिथंच जाईल आणि ते बाहेरचं काही विचारणार नाहीत. एकेक जोडी चार-चार पोरांकडून घोटून घेतली. आठवी जोडी होती ‘सिक’ आणि ‘इल’. ती काही केल्या कुणाच्या डोक्यात शिरेना. शेवटी ती एकटीच्या नावावर लिहिली. जयवंती भोये.

जयवंती तेरा वर्षांची. काळी, काटक, पुढचे दोन दात जरा मोठे. अख्ख्या शाळेत इंग्रजीला न घाबरणारी ती एकच पोर. इतर पोरं पाठ करायची, ही भांडायची.

“सर, सिक म्हणजे पण आजारी आन इल म्हणजे पण आजारी. मंग दोन कशाला?”

“अगं, इंग्रज तो. त्याला दुखणंसुद्धा वेगवेगळ्या डब्यात भरून ठेवायचं असतं.”

“आमच्याकडं एकच शब्द हाय.”

“म्हणून तर तुम्ही डोंगरात आणि तो विलायतेत!” मी म्हणालो. असले विनोद करताना मला मोठी मजा वाटायची. मग समजावलं की सिक म्हणजे पोट ढवळतंय, ओकारी येतेय. ते ओकून टाकलं की पुन्हा माणूस कामाला. इल म्हणजे अंगात खरंच आजार शिरलाय. तिनं वही मांडीवर घेतली. मग म्हणाली, “म्हणजे सिकमध्ये पोट बिघडतं. आन इलमध्ये सगळा माणूसच बिघडतो.”

एवढं नेटकं मलासुद्धा सांगता आलं नव्हतं. “हेच वहीत लिही,” मी म्हणालो. “आणि साहेबांनाही हेच सांग.” वर एक नमुन्याचं वाक्यही पाठ करून घेतलं: माय ग्रँडमदर इज इल.

तपासणीला तीन दिवस उरले होते. मंगळवारी दुपारी आम्ही उजवा-डावा करत होतो, तेव्हा ती उशिरा वर्गात आली. ओठ सुकलेले.

“सर, पोटात दुखतं. सकाळपासून दोनदा ओकले.”

आता हे सांगायला हवं की आश्रमशाळेत पोटदुखी ही काही बातमी नसते. तिथं पोरांना घराची आठवण आली की पोट दुखतं, गणिताचा तास असला की दुखतं, आणि बाजाराचा दिवस जवळ आला की हमखास दुखतं, कारण बुधवारच्या बाजाराला आईबाप येतात आणि पोट धरून बसलेल्या पोराला घरी घेऊन जातात. आमचे कान त्याला सरावले होते. मी खडू हातात फिरवला आणि म्हणालो, “बरं मग तू सिक का इल?”

वर्ग हसला. तीही हसली, अर्धवट.

“सिक, सर.”

“शाब्बास! बस खाली.”

खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी माझ्या शिकवण्याचा अभिमान वाटला होता.

बुधवारी तिचा बाप आला. धवळू भोये. दोन डोंगर पलीकडच्या पाड्यावरचा, हडकुळा, डोक्याला मळकं मुंडासं. बाजारात नागली विकून तो पोरीला बघायला शाळेत यायचाच. त्या दिवशी तो आला तेव्हा जयवंती मुलींच्या खोलीपुढच्या ओट्यावर आडवी होती आणि पारूमावशी तिच्या पोटाला गरम वीट फडक्यात गुंडाळून लावत होती. पारूमावशी आमची कामाठी. शाळेचं झाडणं-लोटणं, पाणी आणि दीडशे लेकरांचं दुखणंखुपणं, सगळं तिच्याच गळ्यात.

धवळू माझ्याकडे आला. चपला त्यानं पार लांब काढल्या होत्या.

“सर, पोरीला घेऊन जातो. तोंड उतरलंय तिचं. मोटारीनं तालुक्याला डाक्टरला दावतो आन मंग घरी नेतो.”

मला काळजी लागली. तिच्यासाठी नव्हे. फळ्यावरच्या आठव्या जोडीसाठी.

“अहो धवळूबाबा, परवावर तपासणी आलीये. मुंबईपर्यंत कागद जातात इथले. जयवंती वर्गातली पहिली मुलगी. तीच नसली तर आमचं नाक कापलं जाईल.”

“तिचं एवढं काम हाय?” त्यानं विचारलं.

“तिच्यावाचून होणारच नाही.”

तो ओशाळं हसला. त्याच्या पोरीवाचून सरकारचं काहीतरी अडतंय, ही गोष्ट त्याला नवी होती आणि ती त्याला आवडली, हे मला स्पष्ट दिसलं. मी तेवढ्यावरच घाव घातला.

“पोटात जरा वायू धरलाय. मावशीनं ओवा दिलाय. शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः तुमच्या दारात तिला आणून सोडतो. माझा शब्द.”

“सर सांगत्यात तर राहू द्या,” तो म्हणाला.

ओट्यावरनं तिनं आमचं बोलणं ऐकलं होतं. ती उठून बसली. “बा, मी येते तुझ्यासंगं.”

“दोन रोज, पोरी. सरांचं काम हाय. सर सांगत्यात ते ऐकावं.” त्यानं कनवटीला खोचलेली गोडी शेवेची पुडी काढून तिच्या हातात दिली, तिच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि गेला. ती पुडी हातात धरून तशीच बसली. फाटकापाशी तो वळला तेव्हा तिनं मान दुसरीकडे केली. रुसली असेल, असं मला वाटलं.

गुरुवारी पारूमावशी वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. ती कधी वर्गाकडे फिरकायची नाही.

“सर, हे वायूबियू नाही. पोर पोटाला बोट लावू देत नाही. पाय पोटाशी घेऊन निजलीय. अंग तापलंय. हिला दवाखान्यात न्या.”

“मावशी, नर्सबाईला निरोप धाडलाय ना?”

“नर्सबाई पोलिओच्या डोसाला खालच्या गावात. सोमवारी यायची.”

“मग उद्याचा एक दिवस. उद्या साहेब गेले की लगेच नेतो.”

“दुखणं साहेबाची वाट बघतंय व्हय?” मावशी म्हणाली. तिच्या जिभेला हाड नव्हतं, आणि म्हणूनच मी तिचं कधी मनावर घेत नसे. तेव्हाही घेतलं नाही. माझ्याकडची तापाची गोळी दिली आणि संध्याकाळी उजळणीसाठी वही घेऊन मुलींच्या खोलीत गेलो. हो, गेलो. जयवंती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी दारात उभा राहून विचारलं, तिनं भिंतीकडे बघतच सगळं म्हणून दाखवलं. सिक मीन्स. इल मीन्स. माय ग्रँडमदर इज इल. एकही चूक नव्हती. “झकास,” मी म्हणालो. “आता झोप.”

शुक्रवारी सकाळी मी आधी तिच्याकडेच गेलो. बघतो तर ती उठून बसलेली, वेणी घालून घेत होती. चेहरा चुन्यासारखा, पण बसलेली.

“कसं वाटतंय?”

“आता दुखत नाही, सर. पहाटे एकदम थांबलं.”

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. “बघ मावशी! उगाच घाबरवून सोडलंस!” मावशी वेणीला रिबीन बांधत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

साहेबांची जीप साडेअकराला आली. लेझीम झालं, नारळ-टॉवेल झालं, सोनजे हेडमास्तरांचं भाषण झालं. साहेब तसे बरे गृहस्थ होते, चष्मेवाले, हळू बोलणारे. साडेबाराच्या सुमारास ते सोनजेंसोबत सातवीत आले, मागच्या बाकावर बसले आणि म्हणाले, “तुम्हीच विचारा खैरनार. मी ऐकतो. पोरं मला बुजतात.”

यापेक्षा काय हवं? मी एकेक जोडी घेत गेलो. प्रश्न विचारला की अडतीस हात छताकडे. मी उजवे हात वेचत होतो, जशी बाई सुपातनं खडे वेचते तसे. सी-लुक झालं. हाऊस-होम झालं. साहेब मान डोलावत होते. सात जोड्या संपल्या आणि मनात आलं, इथंच थांबावं. तेवढ्यात साहेबांनीच फळ्याकडे बोट केलं.

“ते शेवटचं राहिलं की. सिक आणि इल. हे अवघड आहे हं. हे आमच्या ऑफिसात कुणाला येणार नाही.”

“कोण सांगेल?” मी विचारलं.

हात वर गेले. सगळे डावे. ते तसे जाणारच होते. मी तिसऱ्या बाकाकडे बघितलं, जिथं एक उजवा हात असणार होता.

जयवंतीनं डावा हात वर केला होता.

मी डोळ्यांनी खूण केली. उजवा! ती माझ्याकडेच बघत होती. हात बदलला नाही. डावाच, आणि तोही कोपरात वाकलेला. तिला येत होतं. आदल्या संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून तिनं अख्खं म्हणून दाखवलं होतं. मग डावा का? आणि मला संताप आला. घरी जाऊ दिलं नाही म्हणून हिनं माझ्यावर डाव धरला, ऐन वेळी मला तोंडघशी पाडतेय. माझी चार वर्षं, सटाण्याची ती मुलगी, तिच्या बापाचा चहाचा कप, सगळं त्या एका डाव्या हाताला लटकलंय असं मला वाटलं.

“जयवंती,” मी म्हणालो. “ऊठ.”

ती बाकाला धरून उठली. वर्गाचे हात खाली आले. पोरांना काहीतरी चुकल्याचं कळलं होतं; डाव्या हाताला सर कधी उठवत नसत.

“सिक मीन्स,” तिनं सुरुवात केली. आवाज बारीक, पण शब्द स्वच्छ. सगळं सांगितलं. मग मराठीतही सांगितलं, सिकमध्ये पोट बिघडतं आणि इलमध्ये सगळा माणूसच बिघडतो. साहेब बाकावरनं पुढे झुकले.

“वा! आणि वाक्यात वापरून दाखव बघू?”

ती थांबली. आजीचं वाक्य विसरली की काय, म्हणून मी ओठांनी ‘माय ग्रँड’ असं सुचवायला लागलो. ती माझ्याकडे बघत म्हणाली,

“आय ॲम इल, सर.”

“शाब्बास!” साहेब टाळ्या वाजवायला लागले. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वाक्य बदललं म्हणून मला जरा राग आला होता, पण साहेब खूश झाले म्हटल्यावर तो निवळला.

ती बसली. मग बसल्या जागी कलंडली आणि बाकाखाली गेली.

“उपास असतात हो या मुलींचे,” सोनजे साहेबांना म्हणाले. “शुक्रवार ना.”

“काळजी घ्या हं,” साहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. मग त्यांना जेवायला नेलं. गावठी कोंबडा सकाळीच कापला होता.

पारूमावशीनं आणि मी तिला उचलून खोलीत नेलं. पोट फळीसारखं झालं होतं. मावशीनं हात लावला तशी ती ओरडली नाही, नुसती ओठ चावून राहिली.

“जीप उभी हाय दारात,” मावशी म्हणाली. “जा, मागा. तासात तालुक्याला जाईल.”

मी गेलो. ऑफिसच्या दाराशी पोचलो. आत साहेब जेवत होते. सोनजे त्यांना रस्सा वाढत होते. त्यांनी मला बघितलं, माझ्या तोंडावर काय आहे ते ओळखलं आणि रश्श्याचा चमचा हातात घेऊनच बाहेर आले.

“आत्ता नाही, खैरनार. पोरगी आजारी असताना तपासणीला उभी केली, असं लिहील तो माणूस. शाळा जाईल आणि तुम्हीही जाल. जेवून निघेल अर्ध्या तासात. मग न्या खुशाल.”

मी त्यांच्यावर खापर फोडणार नाही. आत सहा पावलांवर साहेब बसले होते. सहा पावलं टाकायला मला कुणी धरलं नव्हतं. मी ती टाकलीही. साहेबांच्या मेजावर पाण्याचा जग होता. मी तो उचलला, साहेबांचा पेला भरला आणि परत फिरलो.

साहेब अर्ध्या तासात नाही, तीन वाजता निघाले. मग आम्ही बांबूला चादर बांधून झोळी केली आणि तिला डांबरी सडकेपर्यंत खाली आणलं. कोळशाचा एक टेम्पो मिळाला. तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. तरुण डॉक्टर होता. त्यानं तिचं पोट चाचपलं आणि त्याचा चेहराच बदलला.

“किती दिवस?”

“मंगळवारपासून.”

“अपेंडिक्स फुटलंय हो. मध्येच दुखायचं थांबलं होतं का? आज, काल?”

“आज पहाटे.”

“तेव्हाच फुटलं. फुटलं की थोडा वेळ बरं वाटतं.” तो सलाइन लावता लावता बोलत होता. “उजव्या बाजूला दुखतं या आजारात, खाली इथं. पोरं उजवा हात दाबून धरतात त्या जागेवर, सोडत नाहीत. तुमच्या कुणाच्या लक्षात नाही आलं?”

तिसरा बाक माझ्या डोळ्यांपुढे आला. कोपरात वाकलेला डावा हात वर, आणि उजवा... उजवा बाकाच्या खाली होता. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होतो, वरच्या हाताकडे बघत होतो. खालचा हात कुठं आहे, हे मी बघितलंच नव्हतं.

जिल्ह्याला न्यायची गाडी निघायच्या तयारीत होती, पण तिला हलवण्याइतकी नाडी राहिली नव्हती. शनिवारी सकाळी नऊला ती गेली. धवळूला निरोप पोचून तो आला दुपारी. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मीच त्याच्यासमोर गेलो नाही, असं म्हणणं जास्त खरं. त्यानं पोरीला घेतलं आणि गेला.

जानेवारीच्या अखेरीस पाकीट आलं. मला कायम केल्याचा आदेश होता. सोबत तपासणीच्या अहवालाची नक्कल. त्यात एक ओळ होती, ‘इंग्रजी विषयाची तयारी विशेष उल्लेखनीय.’ सोनजेंनी पेढे मागवले. मग खुर्चीमागे बोट दाखवत म्हणाले, “आता ती पेटी तेवढी पोचवून या. महिना झाला, पायात येते.”

जयवंतीची पत्र्याची पेटी होती ती. कुणीच ती न्यायला तयार नव्हतं. मी ती डोक्यावर घेतली आणि दोन डोंगर चढलो. शुक्रवारी संध्याकाळी तिला दारात आणून सोडीन, असा शब्द दिला होता. महिन्यानं मी त्या दारात पेटी घेऊन उभा राहिलो.

धवळू अंगणात बांबूच्या कामट्या सोलत बसला होता. मला बघून उठला आणि खाट पुढे केली. त्याची बायको दाराच्या आत होती, ती बाहेर आली नाही. त्यानं पेटी उघडली. दोन फ्रॉक, फणी, रिबीन. गोडी शेवेची पुडी, दोरा न सोडलेली. ती त्यानं बाजूला ठेवली. मग वही काढून चाळली. ती त्यानं उलटी धरली होती.

“हे इंगरजी?”

“हो.”

“साहेबानं इचारलं ते यात हाय?”

“आहे.”

“बरोबर सांगितलं तिनं?”

“बरोबर सांगितलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.”

“मंग बरं,” तो म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं होतं, आणि ते मला बघवेना. मी उठायला लागलो, तर त्यानं वही माझ्या हातात दिली. “काय व्हतं ते? वाचा की. मला बी कळू दे.”

मी पान काढलं. तिचं अक्षर ठसठशीत होतं. मी वाचलं, “सिकमध्ये पोट बिघडतं. इलमध्ये सगळा माणूस बिघडतो.”

“दोन शब्द हायेत?”

“दोन.”

“एक थोड्या दुखण्याचा आन एक मोठ्या.”

“तसंच काहीसं.”

त्यानं खालची कामटी उचलली आणि मधोमध चिरली. माणूस अडाणी होता, पण पोरीची भांडायची खोड कुणाकडनं आली होती, ते मला तेव्हा कळलं.

“मंग सर, माझ्या पोरीला यातलं कोणचं झालं व्हतं?”

मला खोटं बोलता आलं असतं. इतकं बोललो होतो, त्यात आणखी एक.

“दुसरं,” मी म्हणालो.

“मी बाजारच्या रोजी आलो, तवा बी दुसरंच?”

“हो.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखादा हिशोब जुळला की माणूस बघतो, तसं.

“दोन्हीतला फरक तर तुम्हीच शिकवला व्हता तिला,” तो म्हणाला. “म्हणजे तुम्हाला वळखू येत व्हतं.”

मी वही मिटून पेटीत ठेवली. आतून त्याच्या बायकोच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. धवळू उठला, माठातनं तांब्याभर पाणी आणलं आणि माझ्यापुढे धरलं.

“पाणी प्या, सर. लांब जायचं हाय तुम्हाला.”

मी प्यालो.